पेठ वसते, तसे मूत्रपिंड घडते

दिवाळीच्या सुटीतली दुपार होती. दहा वर्षांची नात माझ्या शेजारी पडून पुस्तक वाचत होती. वाचता वाचता पोटावरच्या आडव्या व्रणावरून तिचे बोट फिरू लागले आणि तिने सहज विचारले, “आजी, सगळ्यांना दोन मूत्रपिंडं असतात, मग मला एकच का?”

पस्तीस वर्षे मी शाळेत जीवशास्त्र शिकवले. मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. तरीही त्या प्रश्नाने मी गप्प झाले. या आजाराशी माझी एक चूक आणि एक अपराध जोडलेला आहे. दोन्ही आधी सांगते.

सात वर्षांपूर्वी, ती तीन वर्षांची असताना, तेल लावून अंघोळ घालताना तिच्या डाव्या कुशीत माझ्या हाताला काहीतरी टणक लागले. दुखत नव्हते; ती तर पाणी उडवीत हसत होती. पोट साफ नसेल, अशी मी समजूत करून घेतली. एरंडेल दिले, कोमट तेलाने पोट चोळले आणि आठ दिवस घालवले. मग ताप आला, लघवीला गुलाबी झाक दिसली आणि सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टरांनी नाव सांगितले : विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग. ही माझी चूक.

अपराध त्या रात्रीचा. सून गरोदर असताना ग्रहण लागले होते आणि ती खिडकीपाशी बसून भाजी चिरत होती, हे मला आठवले. मी एक अक्षर बोलले नाही. पण सुनेने माझी नजर वाचली. त्या नजरेबद्दल आमच्यात पुढे कधीच बोलणे झाले नाही.

नातीला खरे उत्तर द्यायचे, तर ते मलाही नीट समजून घ्यायला हवे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घेऊन निघालो. उत्तर पुण्यातच शोधायचे, असे मी ठरवले होते.

कात्रजचे पाणी

स्वारगेटहून बसने आम्ही कात्रजला उतरलो. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. तलाव भरलेला होता. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी येथे पाणी अडवले आणि ते जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. वाटेत गाळ बसावा अशी सोय होती, हवा खेळावी आणि माणसाला आत उतरता यावे म्हणून उच्छ्वास बांधले होते, आणि गावात जागोजागी हौद होते. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

“पाणी आधी आलं की पेठ आधी वसली?” नातीने विचारले.

प्रश्न नेमका होता. मी म्हणाले, “दोन्ही एकमेकांना बोलावतात. वस्ती होते म्हणून नळाला फाटा फुटतो, आणि फाटा येतो म्हणून वस्ती वाढते.”

आईच्या पोटात मूत्रपिंड याच रीतीने तयार होते. गर्भ साधारण पाच आठवड्यांचा असताना त्याच्या कमरेच्या भागात पेशींचा एक सैल समूह जमतो. अजून ते मूत्रपिंड नसते. वसाहतीसाठी जमलेली माणसे म्हणावीत, तसे ते असते. हा समूह एक रासायनिक सांगावा सोडतो. सांगावा पोहोचताच जवळच्या नळीला एक कोंब फुटतो आणि तो समूहात शिरतो. आत गेल्यावर त्या कोंबाला दोन फाटे फुटतात, दोनाचे चार होतात, चाराचे आठ. प्रत्येक फाट्याच्या टोकाशी कोंब उलट सांगावा देतो : येथे बांधकाम सुरू करा. मग टोकाभोवतीच्या काही पेशी एकत्र येऊन एक सूक्ष्म गाळणी आणि तिची वळणावळणाची नलिका घडवतात. तिला नेफ्रॉन म्हणतात. मूळ कोंबाची पुढे मूत्रवाहिनी होते.

फरक इतकाच की, कात्रजच्या नळातून पाणी घराकडे जाई, आणि येथे घराघरातून ते बाहेर वाहते. प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सारे शरीराला परत देतात. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात; कोणाकडे फार कमी, तर कोणाकडे दुपटीहूनही अधिक.

शेटे-महाजनाचे काम

तलावावरून आम्ही शनिवारवाड्याशी आलो. दिल्ली दरवाजासमोर बसून डबा खाताना मी तिला सांगितले की, जुन्या पुण्यात नवी पेठ वसवायची, तर शेटे-महाजन नेमीत. लोक जमवणे, त्यांना टिकवणे, कोणी कोठे घर बांधायचे ते पाहणे, ही त्याची जबाबदारी. मूत्रपिंडाच्या पेठेतही असे कारभारी असतात. ते म्हणजे जनुके. वाढीच्या काळात पेशींना कामे वाटून देणारी जनुके काही थोडी असतात, आणि मूत्रपिंडाच्या बाबतीत त्यांतले एक मोठे नाव म्हणजे डब्ल्यूटी-१. ते आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असते. १९९० मध्ये शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून ओळखले आणि याच आजारावरून त्याचे नाव ठेवले.

हे जनुक मुळात कर्करोगाचे नव्हेच. ते मूत्रपिंड घडवणारे आहे. १९९३ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात ते पूर्णपणे काढून टाकले, तेव्हा नळीला कोंब फुटलाच नाही, जमलेल्या पेशी मरून गेल्या आणि पिल्लांना मूत्रपिंडे झाली नाहीत. कारभारी नसल्याने पेठ वसण्याआधीच उठली.

या जनुकाचे दुसरे कामही तितकेच मोलाचे आहे. पेशी जमल्या, वाढल्या, की त्यांना “आता वाढ पुरे, घर बांधा” असे सांगावे लागते. सिक्स-२ नावाचे दुसरे एक जनुक काही पेशींना कोवळ्या, न ठरलेल्या अवस्थेत राखून ठेवते, म्हणजे पुढच्या बांधकामाला माणसे पुरतात. राखणे आणि कामाला लावणे यांचा तोल साधला, तर साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सर्व नेफ्रॉन बांधून होतात आणि कोवळ्या पेशी संपतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर नवा नेफ्रॉन मिळत नाही.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर जवळ आले होते. कधी कधी काही पेशींपर्यंत “वाढ पुरे” हा निरोप पोहोचत नाही. त्या घर बांधत नाहीत आणि निघूनही जात नाहीत. तळ ठोकून राहतात. जन्मानंतरही उरलेले असे कोवळ्या पेशींचे पुंजके शंभरांतल्या एखाद्या बाळाच्या मूत्रपिंडात आढळतात. बहुतेक पुंजके आपोआप विरून जातात. क्वचित एखादा वाढतच राहतो. तीच ही गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अनेकदा अर्धवट गाळण्या, अर्धवट नलिका आणि कोवळ्या पेशींचे थवे दिसतात. शरीरात बाहेरून शिरलेले असे तिच्यात काही नसते. ती अपुरी राहिलेली मूत्रपिंडाची घडण असते.

“म्हणजे माझी गाठ मूत्रपिंडच व्हायची होती?” नातीने विचारले.

“हो. तिला थांबायचं कळलं नाही.”

ती बराच वेळ दरवाजाच्या खिळ्यांकडे पाहत राहिली.

गणेशखिंडीतील अंडे

दुपारी रिक्षाने आम्ही गणेशखिंडीत विद्यापीठात गेलो. मुंबईच्या गव्हर्नरांसाठी बांधलेला तो मनोऱ्याचा वाडा आणि भोवतालचे जुने वड पाहून नात हरखली. १९४९ मध्ये येथे पुणे विद्यापीठ सुरू झाले. आज ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते.

येथे येण्याला कारण होते. एडिंबरोला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून परतलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात भ्रूणाच्या वाढीच्या अभ्यासाची परंपरा सुरू केली. कोंबडीच्या अंड्यातला भ्रूण बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवायचा आणि अवयव कसे घडतात ते डोळ्यांनी पाहायचे, ही पद्धत त्यांनी पुण्यात रुजवली. त्या परंपरेतून पुढे अनेक संशोधक तयार झाले. येथून फार दूर नसलेल्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडवी यांनी हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा जीवावर काम केले. तुकडा तोडला तरी हायड्रा पुन्हा पूर्ण शरीर घडवतो.

कॉलेजात असताना मीही अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आत पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी मोहरीएवढे हृदय उडताना दिसते. ते पाहिलेला माणूस जन्मभर विसरत नाही. त्याच अंड्यात मूत्रपिंडाच्या तीन पिढ्या एकामागून एक येतात. पहिली अंगावर येताच मावळते, दुसरी काही काळ काम करून निवृत्त होते आणि तिसरी कायमची राहते. मासे आणि बेडूक यांचे दुसऱ्या पिढीवरच भागते. माणसाच्या गर्भातही हाच क्रम असतो. म्हणूनच कोंबडी, उंदीर, हायड्रा यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत बसणाऱ्या माणसांचे काम शेवटी एखाद्या तीन वर्षांच्या मुलीच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचते.

वडाखाली बसून मी स्वतःला तो दुसरा प्रश्न विचारला : निरोप का पोहोचला नाही? प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. १९७२ मध्ये आल्फ्रेड नुडसन व लुईस स्ट्राँग यांनी असे मांडले की, ही गाठ होण्यासाठी पेशीला दोन धक्के बसावे लागतात. एक प्रत बिघडली, तरी दुसरी सांभाळून घेते. दोन्ही गेल्या की तोल जातो. पुढे कळले की, या कथेत एकच जनुक नाही. डब्ल्यूटी-१ मधला दोष सुमारे दहा ते वीस टक्के गाठींत सापडतो. इतरांत दुसरी जनुके असतात. वाढीला जोर देणाऱ्या एका जनुकाची केवळ वडिलांकडची प्रत चालू आणि आईकडची बंद असणे हा निसर्गनियम आहे. काही गाठींत ती बंद प्रतही उघडलेली दिसते.

हे बिघाड बहुतेक वेळा एखाद्या पेशीत, वाढीच्या धांदलीत, नकळत घडतात. कोट्यवधी पेशी दुभंगत असताना नकलेत एखादी चूक राहून जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेला आजार शंभरांतल्या एक-दोन मुलांतच असतो. आईने काय खाल्ले, ती कोठे बसली, तिने ग्रहणात सुरी धरली की नाही, यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे सर्व मला ठाऊक होते; वर्गात मी ते शिकवले होते. भीती वाटली, की शिकलेले मागे पडते आणि ऐकलेले पुढे येते, एवढेच माझ्या त्या रात्रीबद्दल मला सांगता येईल.

ससूनवरून जाताना

परतताना आम्ही स्टेशनकडे वळलो. ससून रुग्णालयाची दगडी इमारत पाहून नातीला शाळेतला धडा आठवला : जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींची ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया येथेच झाली, मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. त्या काळी नातीसारख्या मुलांच्या वाट्याला फारशी आशा नव्हती. जर्मन शल्यविशारद माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये या गाठीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. पण नुसत्या शस्त्रक्रियेने थोडीच मुले वाचत. पुढे रेडिओथेरपी आली. १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन हे औषध वापरले, आणि १९६० च्या दशकात व्हिन्क्रिस्टीन आले. आज उत्तम उपचार वेळेवर मिळाले, तर दहांपैकी नऊ मुले बरी होतात.

व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून मिळते. होय, पुण्यातल्या प्रत्येक वाड्याच्या अंगणात फुलणारी तीच सदाफुली. अत्यल्प औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात आणि ते शुद्ध करून थेंबाथेंबाच्या हिशेबाने शिरेतून देतात. म्हणून कोणीही घरी सदाफुलीचा रस किंवा काढा करून मुलाला देऊ नये. ती विषारी आहे.

नातीचे डावे मूत्रपिंड काढले, नंतर काही महिने रसायनोपचार झाले. काही ठिकाणी आधी औषधे देऊन गाठ लहान करतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. काही ठिकाणी शस्त्रक्रिया आधी होते. दोन्ही पद्धती मान्यताप्राप्त आहेत. केस गेले, परत आले. उरलेले मूत्रपिंड हळूहळू आकाराने वाढले. त्यात नवे नेफ्रॉन आले नाहीत. होते तेच जोमाने काम करू लागले.

रास्ता पेठ, आणि आपण

ससूनजवळच रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली आणि त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे पाहिली. त्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन पावणेतीन किलोंच्या आतच होते. पोटातल्या दिवसांचा पुढच्या मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी संबंध कसा असतो, हे जगाला दाखवणाऱ्या अभ्यासांत त्याची गणना होते. मूत्रपिंडाचेही असेच आहे. कमी वजनाच्या बाळात नेफ्रॉन कमी असतात आणि अशा व्यक्तींना उतारवयात रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार होण्याची शक्यता अधिक असते, असे इतरत्र झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे सत्तरीतल्या आपल्या मूत्रपिंडाची शिल्लकही आपल्या आईच्या पोटातच ठरलेली आहे. ती वाढवता येत नाही, जपता येते. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, वर्षातून एकदा क्रिएटिनीन व लघवी तपासणे आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, हे पथ्य नातीला आहे आणि मलाही.

घरात लहान मुले असणाऱ्या आजी-आजोबांना माझे सांगणे आहे. हा आजार साधारण दहा हजार मुलांत एकाला होतो. भिण्याचे कारण नाही. पण तो बहुधा पाच वर्षांच्या आतच होतो, दुखत नाही, आणि अंघोळ घालणाऱ्या किंवा कपडे चढवणाऱ्या हातालाच तो प्रथम कळतो. पोटात एका बाजूस टणक फुगवटा लागला, पोट एकाएकी मोठे दिसू लागले, लघवीत रक्त आले, किंवा कारणावाचून ताप येत राहिला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. साधी सोनोग्राफी पुष्कळ काही सांगते. फुगवटा पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये आणि पोट मुळीच चोळू नये. गाठ फुटली, तर रोग पोटात पसरतो. जन्मतः डोळ्यातील रंगीत पडदा नसलेली, शरीराची एक बाजू मोठी असलेली, किंवा जीभ फार मोठी असलेली बाळे असतात. त्यांच्यापैकी काहींत हा धोका अधिक असतो. अशा मुलांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी लागते. तज्ज्ञ वेळापत्रक आखून देतात. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे विचारावे. आणि एकदा सुरू केलेला उपचार, मूल हसू-खेळू लागले म्हणून, मध्येच सोडू नये.

संध्याकाळी घरी पोहोचलो. नातीने आईला दिवसभराची हकीकत सांगितली : तलाव, पेठ, अंड्यातले हृदय, थांबायचे न कळलेल्या पेशी. सून कणीक मळत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि सात वर्षे घशात अडकलेले वाक्य बाहेर काढले : “त्या ग्रहणाचा आणि हिच्या आजाराचा काही संबंध नव्हता. मी तुझ्याकडे तसं पाहायला नको होतं.”

ती थोडा वेळ कणीक मळतच राहिली. मग म्हणाली, “आई, गाठ हाताला लागली ती तुम्ही अंघोळ घालत होतात म्हणून. मी घाईत असते, माझ्या लक्षात आलीही नसती. तेही कधीतरी मोजा.”

रात्री झोपताना नातीने शेवटचा प्रश्न विचारला. ते डब्ल्यूटी-१ आता काय करते? मी सांगितले की, पेठ वसली तरी कारभारी जात नाही. गाळणीच्या पेशींत ते आयुष्यभर जागे असते; तुझ्या एका मूत्रपिंडात, आणि माझ्या दोन म्हाताऱ्या मूत्रपिंडांतही. तिने पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायली आणि उरलेला माझ्यापुढे धरला.